शालनमावशीनं घातलेली वेणी

मेधा पुण्यात होती तोवर तिला भारतीय संस्कृतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. डब्लिनला आली आणि सहा महिन्यांत तज्ज्ञ झाली. ऑफिसात कुणी विचारलं, टिकली कशासाठी, तुमची लग्नं एवढी लांबलचक का, पाहुणा नको म्हणत असताना त्याला पुन्हा वाढता ते का, की ही हातातला कप खाली ठेवून सुरू व्हायची. "आमच्याकडे काय असतं..." हे तिचं पालुपद. अभिजित, तिचा नवरा, यावरून तिला चिडवायचा, "दूतावासानं तुला पगार द्यायला हवा." मेधा मनावर घेत नसे. परक्या मुलखात आपल्या माणसांची बाजू आपण नाही घ्यायची तर कुणी, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागात त्यांच्या शेजारच्या घरात नोरीन राहायची. सत्तरीची, एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आयुष्यभर एका शाळेत पोरांना जेवण वाढायचं काम केलेलं. इंग्रजीत अहो-जाहो नाही म्हणून, नाहीतर मेधानं तिला नोरीनकाकूच म्हटलं असतं. मेधाची मुलगी ज्ञानदा तापली की नोरीन सूप घेऊन दारात हजर व्हायची. मेधा तिला पुरणपोळी द्यायची आणि ती "ग्रँड, ग्रँड" म्हणत वरचं तूप हळूच निपटून ठेवायची. एकदा तिनं विचारलं, तुमच्याकडच्या एखाद्या मुलीच्या शिक्षणाला हातभार लावायचा तर कुणाकडे जावं? पण माणूस खात्रीचं हवं, असंही म्हणाली.

मेधाला विचार करावा लागलाच नाही. नंदिनीताई! पुण्याच्या हॉस्टेलवर मेधाला टायफॉइड झाला, नागपूरहून आईला पोचायला उशीर झाला, तेव्हा तिच्या उशाशी बसून पेज भरवणारी नंदिनीताई. पुढे तिनं चांगली नोकरी सोडून साताऱ्यापलीकडे एका गावात अनाथ मुलींसाठी बालगृह काढलं होतं. "माझा माझ्यावर नसेल एवढा तिच्यावर विश्वास आहे," मेधानं छातीठोकपणे सांगितलं. त्या शब्दावर नोरीन आठ वर्षांच्या साक्षीची शैक्षणिक पालक झाली. साक्षीचे आईवडील दोघंही वारलेत, असं बालगृहाकडून कळलं होतं.

वीस सालच्या जानेवारीत मेधा माहेरी निघाली तेव्हा नोरीनही बरोबर गेली. बालगृहात थाटात स्वागत झालं. मुली ओळीनं उभ्या, हात जोडलेले, स्वागतगीत, औक्षण, शाल, नारळ. नोरीन बिचारी शाल सावरत अवघडून बसली होती. कार्यक्रम संपला तशी ती गुपचूप उठून मागच्या बाजूला गेली. जन्म स्वयंपाकघरात गेलेला, तिला बरोबर स्वयंपाकघरच सापडलं.

मेधा तिला शोधत गेली तर ही मागच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेली. समोर अंगणात स्वयंपाकाची शालनमावशी मुलींच्या वेण्या घालत होती. एकेक पोर ओढाताणीनं तोंड वाकडं करत होती, "आई गं" म्हणून ओरडत होती. साक्षीची पाळी आली तेव्हा ती मावशीच्या गुडघ्यांत पाठ टेकून बसली आणि तिनं चक्क डोळे मिटले. मावशीनं वेणी घातली, सोडली आणि पुन्हा घातली.

"ती बाई तिची आई आहे का?" नोरीननं विचारलं.

मेधा खळखळून हसली. "नाही हो! साक्षीला कुणीच नाही. ही स्वयंपाकाची मावशी. आमच्याकडे काय असतं, घरकाम करणाऱ्या बायकांना सगळेच मावशी म्हणतात. म्हणजे आईची बहीण. आणि त्याही लोकांची पोरं पोटच्या पोरासारखी सांभाळतात. तुम्हाला सवय नाही ना, म्हणून वाटतं तसं."

"मावशी," नोरीननं शब्द घोळवून पाहिला. मेधानं तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. परतताना गाडीत नोरीननं पुन्हा विचारलं, "नक्की?" आणि मेधा पुन्हा हसली, "अहो, नक्की." मग नोरीन खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढे मार्चमध्ये जग बंद पडलं. नोरीननं साक्षीचा फोटो स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर चिकटवला होता. या देशात कपाटाला प्रेस म्हणतात, आणि नोरीन दिवसातून वीस वेळा तरी तो प्रेस उघडत असणार. नंदिनीताईचे निरोप येत होते: मुली सुखरूप आहेत, साक्षी तुमची आठवण काढते. जानेवारी पुन्हा आला तशी नोरीन म्हणाली, यंदा जाता येत नाही तर निदान व्हिडिओवर भेट घडवून दे. एवढंसं काम! मेधानं शनिवारी दुपारी नंदिनीताईला फोन लावला.

"साक्षी कुठे आहे इथं?" नंदिनीताई म्हणाली. "मुली सगळ्या मार्चपासून आपापल्या घरी. वरून सांगणंच आलं होतं, ज्यांना घर आहे त्यांना पाठवून द्या म्हणून."

"हो का," मेधा म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. आलं किसता किसता तिचा हात थांबला. "ताई, घरी म्हणजे कुणाच्या घरी? तुझ्या मुली अनाथ ना?"

नंदिनीताई हसली, अगदी हॉस्टेलच्या दिवसांतलं हसू. "मेधे, अजून तशीच भोळी गं तू! निम्म्या पोरींना आई आहे. कुणाला नवऱ्यानं टाकलंय, कुणाचा नवरा गेलाय. साक्षीचीच बघ ना. आपली शालन. तिच्या हातची भाकरी खाऊन गेलीस की."

मेधानं किसणी खाली ठेवली. "पण साक्षी तर तिला मावशी म्हणत होती."

"पाहुण्यांसमोर म्हणायचं, असं शिकवतो आम्ही. लहान असतात, पटकन शिकतात. अगं, आई जिवंत आहे म्हटलं की त्या गोऱ्या लोकांना पाझर फुटत नाही. त्यांना पूर्ण अनाथ लागतं. मी शालनला काम दिलं, छप्पर दिलं, पोरीला शाळेत घातलं. रस्त्यावर मरू द्यायला हवं होतं का दोघींना?"

"मला तरी सांगायचंस, ताई."

"तुला काय सांगायचं? तुला माहीत होतं ना!" नंदिनीताईच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. म्हातारीनं नेमका प्रश्न विचारला आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. पण तू काय झकास समजावलंस तिला, मावशी का म्हणतात ते! म्हटलं, पोरगी हुशार आहे. न सांगता सांभाळून घेतलंन. आपलं माणूस ते आपलं माणूस."

शालनचा नंबर तेवढा मेधानं मागितला, आणि नंदिनीताईनंही तो सहज दिला, जसा एखादीला पापडवालीचा नंबर द्यावा. फोन ठेवल्यावर मेधा ओट्यापाशी उभी राहिली. चहा उतू गेला. जिच्या हातची पेज खाऊन आपण उठून बसलो, तिनंच केसानं गळा कापला, आणि वर शाबासकीही दिली. फसवलं याचा राग होताच. पण तिनं आपल्याला फसवणाऱ्यांतलंच एक मानलं, हे मेधाला जास्त लागलं. आतल्या खोलीतून ज्ञानदानं हाक मारली, "मॅम! व्हेअर्स माय चार्जर?" एरवी मेधा तिला तिथल्या तिथे दटावायची, मॅम नाही, आई म्हणायचं. आज तिनं नुसता चार्जर नेऊन दिला.

अभिजितनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आपलेच दात आपलेच ओठ. नोरीनला कशाला सांगतेस? मुलगी शिकतेय, आईजवळ आहे, मग बिघडलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची." मेधानं रात्रभर ती मूठ झाकून पाहिली. मोठ्या माणसाचं ऐकावं तसं अभिजितचं ऐकायचंही ठरवलं. पण सकाळी नोरीन मागच्या अंगणात दिसली आणि म्हणाली, "काय म्हणाली तुझी ताई? कधी दिसेल माझी साक्षी?" मग मेधाच्यानं राहवलं नाही.

कुणी कुणाच्या घरात जायचं नाही असे ते दिवस. दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीशी उभं राहूनच मेधानं सगळं सांगितलं. नोरीनच्या उघड्या खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता. त्या आठवड्यात आयर्लंडमध्ये दुसरा विषयच नव्हता. लग्नाआधी आई झालेल्या मुलींना पूर्वी जिथे ठेवत, त्या संस्थांचा अहवाल आला होता, आणि म्हाताऱ्या बायका रेडिओवर फोन करून रडत होत्या.

"लबाड निघाली हो ती," मेधा म्हणाली. "मला कधी वाटलं नव्हतं, कुंपणच शेत खाईल म्हणून. मलाही फसवलं तिनं."

नोरीननं नंदिनीताईबद्दल एक अक्षर काढलं नाही. "मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलं होतं."

"मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, हे मला पटतं. पण तू हसलीस, मेधा."

नोरीन आत जाऊन रेडिओ बंद करून आली आणि भिंतीपासून जरा लांबच उभी राहिली.

"मी नन्सच्या घरात वाढले," ती म्हणाली. "तुझी आई मेली, असं मला सांगितलं होतं. तिथे एक बाई जिने पुसायची. मी शाळेला निघाले की बादली खाली ठेवायची आणि माझी कॉलर सारखी करायची. सारखी असली तरी करायची. मग कुणी ओरडलं की पुन्हा फडकं उचलायची. मला पुढे दुसरीकडे पाठवलं. चाळिशीत कागद हाती आले तेव्हा तिचं नाव कळलं. तोवर ती खरंच मेली होती." मग ती म्हणाली, "ती बाई वेणी सोडून पुन्हा घालत होती, तेव्हाच मला कळलं होतं. माझ्या डोळ्यांना कळलं होतं. पण तू म्हणालीस, आमच्याकडे असं असतं. म्हटलं, तुमच्याकडे असेलही. मी माझ्या डोळ्यांवर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मेधा नुसतीच भिंतीवर हात ठेवून उभी राहिली. बोटं गारठली तेव्हा घरात आली आणि न्हाणीघरात जाऊन रडली, अगदी हुंदके देऊन. नंदिनीताईवर संतापायला आता तिला पूर्वीसारखं जमत नव्हतं.

बरेच दिवस नोरीन दिसली नाही. मेधानं तिच्या दारात ठेवलेला शिऱ्याचा डबा तसाच राहिला, पक्ष्यांनीही तोंड लावलं नाही. फेब्रुवारी लागल्यावर एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. "मला त्या दोघींशी बोलायचंय," नोरीन म्हणाली. "तुझी ताई मध्ये नको. आणि तू जे ऐकशील तेवढंच सांगायचं. समजावायचं काही नाही."

मेधानं फोन भिंतीवर एका कुंडीला टेकवून ठेवला. शालन तेव्हा भावाकडे, गावी होती. पडद्यावर आली ती घाबरूनच. "ताईंनी काय सांगितलं व्हय? मी कुनाला काय बोलले न्हाई, द्येवाशपथ."

"तिला सांग," नोरीन म्हणाली, "ती आई आहे हे मला माहीत आहे. मला त्याचा आनंदच आहे. साक्षीची शाळा थांबणार नाही. कुणाशी खोटं बोलायची आता गरज नाही."

मेधानं सांगितलं. शब्दाला शब्द, पदरचं काही न घालता. शालननं तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली. मग तिनं हात लांब करून पोरीला पडद्यासमोर ओढलं. साक्षी वर्षभरात वाढली होती. केस चापूनचोपून बसवलेले, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. नोरीन दोन्ही हात भिंतीवर टेकून पुढे झुकली.

"तिला विचार, वेण्या कुणी घातल्या?"

"साक्षी," मेधानं विचारलं, "वेण्या कुणी घातल्या गं तुझ्या?"

साक्षीनं एकदा शालनकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. पडद्यावर पाहुणे होते. ती ताठ उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"शालनमावशीनं."

"आगं, आता न्हाई तसं म्हनायचं," शालन घाईघाईनं म्हणाली. "त्यास्नी कळलंय समदं. आई म्हन. म्हन की, बाळा."

साक्षी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशीनं."

"घरी बी असंच म्हनती," शालन मेधाला म्हणाली. "रातच्याला कुशीत घेतलं तरी बी. किती सांगितलं, पन तोंडात बसलंय तिच्या."

मेधा भाषांतर करायला वळली. नोरीननं हात वर करून तिला थांबवलं. तेवढा एक शब्द तिला येत होता. मेधानंच तिला तो शिकवला होता.