पत्र्यावरून आलेली शिवानी

"आली! शिवानी आली!"

शिवकांताच्या अंगणात गलका उठला. ओट्यावर टीव्ही, पडद्यावर बातम्या सांगणारी बाई, अन् तिच्या खांद्याशी दुसरी बाई. पुसट, धुक्यात भिजल्यासारखी. भूकंपात गेलेली शिवकांताची लेक म्हणे तीच.

विरूपाक्ष महाराज गरजले, "हे अँटेना न्हाई, त्रिशूळ हाय! वरची लाईन थेट जोडली म्या! ओम फट्!"

निलंग्याजवळची ही नवी वसाहत. माणसं सिमेंटच्या घरांत आली होती. आधीचे पत्र्याचे शेड दक्षिणेला तसेच उभे, उन्हात चकाकत.

"मग माजं लेकरू घरात का येत न्हाई, महाराज?"

"ही येऊ देत न्हाई!" महाराजांचं बोट शेजारच्या गुरम्मावर गेलं. ढिगाऱ्यातून शिवानीच्या बाजूलाच ती जिवंत निघाली होती. "तुज्या पोरीचा श्वास हिनं गिळला. झोडा, ओकंल!"

गुरम्माला खांबाला बांधलं. निंबाचा पहिला फोक शिवकांतानंच ओढला. मग ज्याच्या घरातलं कुणी गेलं होतं, तो तो पुढं झाला. चोळी फाटली, पाठ फाटली, रगत टाचेपर्यंत ओघळलं.

"आक्का, मरते गं मी!"

"सोडा तिला!" उजमा मधे घुसली. याच गावची पोर. लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची, सुट्टीला आली होती. एक फोक तिच्या गालावर उमटला.

"टीचरबाई, तुमच्या पोरांना डॉक्टर करा," महाराज हसले. "हितं मेलेल्यांचा अभ्यास हाय. ओम फट्!"

तेवढ्यात उजमाला दिसलं, की 'फट्' झालं की गच्चीवरचा चेला व्यंकटी अँटेनाचा दांडा पिळतो. ती शिडी चढली. व्यंकटीनं लाथ घातली, ओठ फुटला. तिनं त्याचा पाय धरून त्याला आडवा केला अन् दांडा हातात घेतला.

"मावशी, पडदा बघ! मंत्र न्हाई, नुसता पाढा म्हणते. बे एक बे!"

दांडा लातूरच्या टॉवरकडे वळला. दुसरी बाई गेली.

"बे दुणे चार!"

दांडा शेडांकडे वळला. बाई आली.

कुणीतरी खुसकन हसलं. फोक हवेतच थांबले.

"टॉवरकडून चित्र सरळ येतं," उजमा रगत पुसत ओरडली, "अन् तेच चित्र त्या पत्र्यांवर आपटून जरा उशिरा येतं. म्हणून एका बाईच्या दोन दिसतात. अँटेना टॉवरकडं ठेवलं की एकच. ती शिवानी न्हाई, मावशी. ती बातम्यावालीच हाय!"

जमाव महाराजांवर उलटला. पहिला दगड कपाळावर बसला.

"पुन्हा तेच?" उजमा किंचाळली. "फोक टाकले तर दगड घेतले? पोलीस येतील त्याच्यासाठी. आधी गुरम्माला दवाखान्यात न्या!"

शिवकांता दोरी सोडू लागली. गाठ सुटेना, तशी तिनं दात लावले. आजवर कुणीच गुरम्माला विचारलं नव्हतं, ते ती आता पुटपुटली, "बाई गं, माजी पोरगी... शेवटी काय बोलली व्हती?"

गुरम्मानं सुजलेला ओठ हलवला. "पाणी मागत व्हती. अन् तुला हाका मारत व्हती."

शिवकांतानं तिची रगताळलेली पाठ सावरत तिला मिठीत घेतलं.

गेलेल्याचा निरोप पडद्यावर येत नाही, बायाबापड्यांनो. तो शेजारच्या जिवंत माणसापाशी असतो. तो विचारावा लागतो. मारून काढता येत नाही.