पाठमोरा वर्ग

समोर उभ्या असलेल्या टकल्या माणसाकडे पाहत ताईंनी ताटातला एक बिल्ला उचलला, थोडा वेळ हवेतच धरला आणि परत ताटात ठेवला.

"लागली का ओळख?" त्या माणसाने विचारलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दबा धरून बसलं होतं.

"लागतेय. जरा उजेडाकडे सरक बघू."

तो खिडकीकडे सरला. उजेडात तो आणखीच परका दिसायला लागला. गुबगुबीत गाल, पांढरी मिशी, सोनेरी काड्यांचा चष्मा. असा चेहरा ताईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्यामागे दारात आणखी काही जण येऊन थांबले होते आणि एकमेकांना कोपरखळ्या मारत होते.

"मुकादम," तो माणूस आत बघून म्हणाला, "तुझ्या स्वागत समितीने मला नापास केलंय रे."

मेळाव्याची गंमतच तशी ठरली होती. बिल्ल्यांवर खरी नावं नव्हती, वर्गात पडलेली टोपणनावं होती. येणाऱ्याने आपण कोण ते सांगायचं नाही. दाराशी बसलेल्याने ओळखायचं आणि ज्याचा त्याला बिल्ला लावायचा. ही कल्पना मुकादमाची. मुकादम म्हणजे इतिहासाच्या त्या वर्गाचा प्रतिनिधी. विद्यार्थी असताना तो सगळ्यांना कामाला लावायचा, पुढे टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर चढला, आणि निवृत्त झाल्यावर घरात कुणी हुकूम ऐकेना म्हणून त्याने हा मेळावा काढला, असं त्याचीच बायको सांगायची. विद्यापीठाने त्यांना त्यांचाच जुना वर्ग दिवसभरासाठी उघडून दिला होता.

त्याने फोन करून आमंत्रण दिलं तेव्हा ताईंनी विचार न करता म्हटलं होतं, "दाराशी मी बसते. बिल्ले मी लावते."

पलीकडे मुकादम खो खो हसला. "तुम्ही? बसा की, बसा. मजा येईल."

त्या हसण्याचा अर्थ ताईंना लागला नाही, आणि न लागलेला अर्थ त्यांना बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला.

कारण ताई त्या वर्गात जरा वेगळ्याच होत्या. बाकीची सगळी विशीतली पोरं. ताई तेव्हाच पस्तिशीच्या, एका मुलाची आई. रात्रभर बेकरीच्या भट्टीपाशी काम करायचं, पीठ फुगायची वाट बघता बघता पुस्तक वाचायचं, आणि सकाळी बाह्यांवरचं पीठ झटकत थेट वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायचं. तास संपला की सगळ्यांच्या आधी बाहेर, कारण मुलाच्या शाळेची वेळ व्हायची. सहलीच्या फोटोत त्या नव्हत्या, नाटकाच्या फोटोत नव्हत्या. पदवी मिळाली, ती घरात भिंतीवर लटकली. पण आपण त्या वर्गातल्या होतो, की नुसत्या त्या खोलीत बसत होतो, हे त्यांना इतकी वर्षं ठरवता आलं नव्हतं. आज ते ठरणार होतं.

"सरळ जायचं, जेवायचं, गप्पा मारायच्या," सून आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. "काम कशाला अंगावर घेतलंत?"

"अगं, हातात काम असलं की 'तुम्ही कोण' असं कुणी विचारत नाही."

"आणि तुम्हालाच कुणी ओळखू आलं नाही तर?"

"सगळे ओळखू येतील. काय शिस्तीचा वर्ग होता आमचा. एकेक जण पट्टी गिळल्यासारखा ताठ. तुमच्या पिढीसारखे बाकावर सांडलेले नव्हते."

ही पट्टी सून लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. "आणि रात्रभर जागून तुम्ही एकदाही पेंगला नाहीत," तिने पुढचं वाक्य स्वतःच पुरं केलं.

"डोळे मिटून ऐकायचे मी. डोळे मिटले की नीट ऐकू येतं."

आणि आता डोळे टक्क उघडे ठेवून काही उपयोग नव्हता. टकला माणूस वाट पाहून कंटाळला. "तोवर पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि पाठ फिरवून कोपऱ्यातल्या पिंपाकडे चालू लागला.

ताईंचा हात ताटावर थांबला.

लांब मान. उजवा कान डाव्यापेक्षा थोडा बाहेर आलेला. आणि त्या कानामागे तांबूस डाग, मधाचा थेंब वाळून राहिल्यासारखा. त्या डागाकडे बघत ताईंनी अख्खी राजघराणी उदयाला येताना आणि बुडताना ऐकली होती.

"अरे, उंट तू," त्या म्हणाल्या.

पेला तोंडाशी नेता नेता तो थबकला आणि वळला. वळल्याबरोबर पुन्हा परका झाला. ताईंना एकदम सगळं समजलं आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. शेवटच्या बाकावरून चेहरे कुठे दिसतात? चेहरे सरांनी पाहिले होते. ताईंच्या वाट्याला पाठी आल्या होत्या.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दारातल्या पुढच्या बाईंना म्हणाल्या, "तोंड नको दाखवूस. पाठ कर."

"पाठ? मग एवढं तोंड रंगवून आले ते कशाला?"

"ते आत गेल्यावर सगळ्यांना दाखव. वळ."

बाई वळल्या. मानेवर केसांच्या मुळाशी तीळ होता. आणि जुनी सवय म्हणून की काय, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती.

"चिमणी."

"अगंबाई," चिमणी म्हणाली. कोर्टात न्यायाधीश म्हणून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं, पण आत्ता ती पोरीसारखी मानेवरचा तीळ चाचपायला लागली. "माझा नवरा मला बाजारात समोरून ओळखत नाही. तुम्ही मागून ओळखलंत."

मग दाराशी नुसता गोंधळ उडाला. साठी उलटलेली माणसं रांगेत उभी राहून एकेक करून पाठ फिरवू लागली. कुणी कॉलर खाली करून मान दाखवत होतं, कुणी टोपी काढत होतं. एकाच्या डोक्यावरचे केस गेले होते, पण भोवऱ्याची जागा शिल्लक होती. ताईंनी तेवढ्यावर त्याला पकडला. एकाचा डावा खांदा अजूनही उजव्यापेक्षा खाली होता. एक बाई ओळखता येईना, तेव्हा ताई म्हणाल्या, "जरा चालून दाखव," आणि ती दोन पावलं चालली तोच बिल्ला तिच्या खांद्यावर लागला. आत गेलेले परत बाहेर येऊन तमाशा बघायला लागले. ताईंचे गाल भट्टीपुढे बसल्यासारखे तापले होते. बोटं टाचण्यांनी टोचून निघाली होती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

ताट रिकामं झालं.

ताईंनी ते उचलून झटकलं. टेबलाखाली वाकून पाहिलं. पुठ्ठ्याचा डबा उलटा केला. त्यातून उरलेल्या टाचण्या तेवढ्या खळखळल्या. सगळ्यांचे बिल्ले लागले होते आणि त्यांच्या नावाचा बिल्ला कुठेच नव्हता. त्यांनी एक टाचणी उचलली, आपल्या खांद्यावर नुसतीच लावली, मग काढून डब्यात ठेवली.

आत हशा पिकला होता. खिडकीच्या कठड्यावर चहाचे उष्टे कप पडले होते. ताई उठल्या आणि ते गोळा करायला लागल्या.

"ताई, ते ठेवा," चिमणी मागून येऊन म्हणाली. तिने त्यांच्या हातातले कप काढून घेतले आणि उंटाच्या हातात दिले. उंटाने ते मुकादमाच्या हातात दिले. मुकादमाला कुणाच्या हातात द्यायचे ते कळेना, म्हणून त्याने ते परत कठड्यावर ठेवले आणि खिशातून एक बिल्ला काढला.

"हा ताटात ठेवला नाही. स्वतःची पाठ तुम्हाला कशी ओळखू येणार?"

ताईंनी बिल्ला लांब धरून वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'शूऽऽ'.

"हे काय?"

"तुमचं नाव."

"माझं असलं नाव कधी नव्हतं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," चिमणी म्हणाली. "तुमच्या पाठीमागे भिंत होती. तिथे बोलायची सोय नव्हती. म्हणून तुमच्यापुढे बसून आम्ही हेच म्हणायचो."

"ते तुम्ही सरांचं ऐकू यावं म्हणून म्हणायचात."

उंट मिशीत हसत होता.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही घोरायचा नाहीत, एवढं मी कोर्टातसुद्धा सांगेन. न्यायाधीश इथेच आहेत."

"मी झोपत नव्हते."

"फक्त शिट्टी वाजायची. बारीक. किटली तापायला लागल्यासारखी."

हसण्याचा लोट आला. ताईंनी ओठ घट्ट मिटून ठेवले, पण तेही फार वेळ टिकले नाहीत.

"सरांना वर्गात झोपलेलं माणूस खपायचं नाही," मुकादम म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकाला दप्तरासकट बाहेर काढला. तुम्हाला काढलं असतं तर तुम्ही परत आला नसता. मग ठरलं. तुमचा डोळा लागला की चिमणीने 'शूऽऽ' म्हणायचं, आणि तुमच्या पुढच्या रांगेने भिंत व्हायचं. खांद्याला खांदा, मान वर."

"माझी पाठ धरते ती तेव्हापासून," उंट म्हणाला.

ताई त्या सगळ्यांच्या खांद्यांकडे बघत राहिल्या. "पट्टी गिळल्यासारखे," त्या हळूच म्हणाल्या.

"पट्टी कसली, पाव गिळून," उंट म्हणाला. "तुमच्या पिशवीत वाकडेतिकडे पाव असायचे ना? तुम्ही झोपलात की पिशवी आमची. परीक्षेपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटायची, कधी पकडले जातो म्हणून."

"मूर्खांनो," ताई म्हणाल्या. "एकट्या बाईला एवढे पाव कशाला लागतात? तुमच्यासाठीच पिशवीचं तोंड उघडं करून ती बाकावर ठेवायचे मी. खाली कधी ठेवलेली बघितलीत?"

एवढी वर्षं जपलेली चोरी हातची गेल्यासारखा उंट उभा राहिला.

"म्हणजे आम्ही चोर नव्हतो," तो खट्टू होऊन म्हणाला.

चिमणीने 'शूऽऽ' ताईंच्या खांद्यावर लावला. लावताना तिने त्यांचा खांदा जरा जास्तच वेळ दाबून धरला.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला आणि सगळे जागच्या जागी विद्यार्थी झाले. सर आले होते. कमरेत वाकले होते, हात थरथरत होते. पण फळ्यापुढचा गुडघाभर उंच लाकडी चौथरा दिसताच ते तिकडेच निघाले.

"सर, खाली खुर्ची ठेवलीय," मुकादम लगबगीने म्हणाला.

"खाली उभं राहून मला शिकवता येत नाही. वरून सगळे दिसतात."

दोघांनी हात धरून त्यांना चढवलं. जो तो आपापल्या जुन्या बाकावर जाऊन बसला. बाक लहान झाले होते की माणसं मोठी, यावर थोडी कुरकुर झाली. ताई सवयीने शेवटच्या बाकावर गेल्या, भिंतीला टेकल्या. खिडकीतून ऊन नेमकं त्या बाकावर येत होतं.

सरांचा आवाज मात्र म्हातारा झाला नव्हता. पहिल्याच वाक्याला खिडकीच्या काचा थरथरल्या.

"हे आता थोडाच वेळ," उंट चिमणीच्या कानात पुटपुटला. "आठवतं ना? अर्ध्या तासात आवाज खाली. कान ताणून ताणून मी वह्या भरल्यात."

"घसा नाजूक होता त्यांचा," चिमणी म्हणाली.

ताईंनी ठरवलं होतं की आज काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. पण त्या उजाडायच्या आधीपासून उठल्या होत्या, टेबल मांडलं होतं, खुर्च्या पुसल्या होत्या. अंगावर ऊन होतं. सर कुठल्याशा साम्राज्याच्या सरहद्दीपाशी पोहोचले होते आणि ती सरहद्द हळूहळू धूसर होत चालली होती. ताईंची मान एकदा खाली गेली. त्यांनी ती वर घेतली. ती पुन्हा गेली.

"शूऽऽ," चिमणी मागे न बघताच म्हणाली.

पुढच्या रांगेत बाक करकरले. उंटाच्या तोंडून बारीक "आई गं" निघालं, पण त्याची पाठ सरळ झाली. त्याच्या शेजारची झाली, तिच्या शेजारची झाली. खांद्याला खांदे लागले. थोडे वाकडे, थोडे थकलेले, पण ताईंना तोंडपाठ असलेले ते सगळे खांदे एका ओळीत आले.

उंट आणि चिमणी यांच्या मधे बोटभर फट राहिली होती. जड पापण्यांतून ताईंना त्या फटीपलीकडचा चौथरा दिसला, आणि चौथऱ्यावरचे सर दिसले. सर बोलता बोलता थांबले होते. सगळ्यांच्या डोक्यांवरून ते सरळ शेवटच्या बाकाकडे बघत होते.

मग त्यांनी वाक्य पुढे सुरू केलं, पण अगदी खालच्या आवाजात. पाळण्याजवळ बोलावं तसं.

उंटाने कानामागे हात धरला. ताईंनी डोळे मिटले, नीट ऐकू यावं म्हणून.