वर्खाखालचा निळा

"वर्ख विटला तर वरून दुसरा लावावा, खालचा उतरवू नये."

देवासच्या या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवलं जातं. का, ते विचारायचं नाही. या घरातल्या नातीने, गुंजनने, लहानपणी एकदा विचारलं होतं, तर शरदचंद्र आजोबांनी तिला उत्तराऐवजी पाढे म्हणायला बसवलं, असं ती अजून रागाने सांगते.

त्या वाक्याखाली शंभराहून अधिक वर्षं दबून राहिलेला मी बोलतोय. मी एका जुन्या रायफलीचा चाप. बोट अडकवून मागे ओढतात, तो. करंगळीएवढा माझा जीव.

माझी रायफल कडीची. खालची लोखंडी कडी पुढे ढकलून मागे घेतली की पुढची गोळी वर येते. धारच्या एका ठाकुरांनी ती सातासमुद्रापलीकडून मागवली होती. कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी साधा, करडा होतो. पण त्या काळच्या बड्या लोकांना साधं काही चालत नसे. दस्त्यावर वेलबुट्टी झाली, नळीवर फुलं झाली, मग चापानेच काय पाप केलं होतं? म्हणून मला एकट्याला सोडवून देवासला कृष्णरावांकडे पाठवलं. कृष्णराव म्हणजे आजोबांचे आजोबा, मराठा दरबाराबरोबर माळव्यात आलेल्या घराण्यातले, शस्त्रागारातले नावाजलेले कारागीर.

कृष्णरावांनी मला घासून आरशासारखं केलं आणि ते दरबारच्या कामाला गेले. मग त्यांच्या पत्नी जानकीबाई आल्या. चुलीवर लोखंडी कढई होती, तिच्यात चाळलेली वाळू तापत होती. शेजारी डबाभर खिळे होते, कोणी पिवळे, कोणी जांभळे, बरेचसे बिघडलेले. बाईंनी त्यांच्यावर हात बसवून घेतला होता. त्यांनी मला वाळूवर ठेवलं आणि पापणी न हलवता पाहत राहिल्या.

माझ्यातून काय काय निघत होतं, याचं मलाच नवल वाटलं. आधी गव्हाच्या काडीचा पिवळा, मग शेंगदाण्याच्या सालीचा तांबूस, मग वांग्याचा जांभळा. आणि मग नीलकंठ पक्षी उडताना पंखात दिसतो, तो निळा. त्यापुढे चार श्वास गेले असते तर सगळं उडून मी पुन्हा राखाडी झालो असतो. बाईंनी नेमक्या क्षणी चिमट्याने उचललं आणि तेलात बुडवलं.

ठाकूर न्यायला आले तेव्हा मला पाहून हसूच लागले, इतके खूष झाले. हे कोणी केलं, म्हणून त्यांनी विचारलं. कृष्णराव म्हणाले, "मीच." ठाकूर म्हणाले, मग बाकीचे खिळे-स्क्रूही असेच करा, उद्या माझ्यासमोर करा, मला बघायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळभर कृष्णराव कढईपाशी बसले. तीन स्क्रू राखाडी झाले. जानकीबाई दाराशीच उभ्या होत्या. एक हाक मारायची होती फक्त. कृष्णरावांनी मारली नाही. ठाकूर येण्याआधी त्यांनी माझ्यावर रोगण लावलं आणि वरून सोन्याचा वर्ख चढवला. ठाकुरांना सांगितलं की निळा टिकत नाही, सरदारांना सोनंच शोभतं. मला घासून निळा कायमचा घालवता आला असता. तेवढं मात्र त्यांच्याकडून झालं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी धारला गेलो. माणसं मला ओढण्याआधी श्वास रोखतात, हे मी तिथे शिकलो. शिकारीत नेम चुकला की दोष माझा, लागला की साहेबांचा, हेही शिकलो. पुढे शिकार बंद झाली. मी काचेच्या कपाटात गेलो. पाहुणे यायचे, माझ्यावर बोट ठेवून फोटो काढायचे, वर्ख झिजायचा. दर काही वर्षांनी मला देवासला आणत आणि वरून नवा वर्ख लागे. सोन्यावर सोनं चढत गेलं आणि मी जाडजूड झालो.

यंदा त्या ठाकुरांचा पणतू राजवीर मला रुमालात बांधून घेऊन आला. धारहून मांडूला जाणाऱ्या रस्त्यावर त्याने हॉटेल काढलंय, तिथे रायफल काचेत ठेवायची आहे. वर्ख नको म्हणाला, विजेवरचा पक्का मुलामा द्या. या घरात आता तोच धंदा चालतो. देवांचे मुकुट, छत्रं, शाळांच्या ट्रॉफ्या. आणि ते काम बघते गुंजन, कारण रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली घरात तीच.

विजेच्या मुलाम्याला खालचं लोखंड उघडं लागतं. म्हणजे इतकी वर्षं उतरवायचा नाही म्हणून सांगितलेला वर्ख आता उतरवायचा होता. तिच्या स्वानंदकाकांना त्याचं काही वाटलं नाही. आजोबांनी फक्त एवढं बजावलं, की थेट घासायच्या, बफच्या चाकावर धर, पुसत बसू नकोस.

पुसत बसू नकोस म्हटल्यावर ती पोरगी पुसणार नाही तर काय करणार? तिने स्पिरिटचा बोळा घेतला. एक थर निघाला, दुसरा, तिसरा. मग ती थांबली आणि मला खिडकीशी नेऊन धरलं. शंभर वर्षांनी ऊन लागलं मला. "अरे, तू कोण आहेस?" ती पुटपुटली. मला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर तिने आठवडाभर मला अर्धवट ठेवलं. हा रंग कसा आला असेल, याचाच तिला ध्यास लागला. पुस्तकं पाहिली, कॉलेजातल्या सरांना फोन केला, मग कढईत वाळू घातली आणि खिळे तापवायला लागली. सगळे राखाडी. स्वानंदकाका चहा पिता पिता तिथून गेले आणि हसले.

"काय गं, जानकीबाईचे खिळे भाजतेयस होय?"

या घरातला हा जुना टोमणा. कोणी बाई निरुपयोगी काम करायला लागली की असंच म्हणायचं. गुंजनने तो हजारदा ऐकला होता. त्या दिवशी मात्र तिचा चिमटा हवेतच राहिला. जानकीबाई खिळे का भाजत होती, हे आजवर कोणाच्याच मनात कसं आलं नाही?

तिने त्यानंतर वाळू चाळून घेतली. सतरा खिळे बिघडले. अठरावा निळा झाला.

आज सकाळी राजवीर मला न्यायला आला. मी टेबलावर, अर्धा सोनेरी, अर्धा निळा.

"भिया, ये तो आधा नीला निकल आया," तो काकांना म्हणाला. "दाग है क्या?"

"अरे कुछ नहीं, बैठो दस मिनट. बफ पे साफ हो जाएगा."

"दाग नहीं, काम है," गुंजन म्हणाली.

"काम कृष्णरावांचं," आजोबा खुर्चीतून म्हणाले, "आणि वरचं सोनंही त्यांचंच. धर बफवर. गिऱ्हाईक खोळंबलंय."

माझा जीव त्या चाकावर टांगला होता. एक मिनिट पुरलं असतं. मला बोलता येत असतं तर एवढंच मागितलं असतं, की घासण्याआधी एकदा नीट पाहा.

गुंजनने वाट पाहिली नाही. तिने सगळे अठरा खिळे आजोबांसमोर ओळीने मांडले.

"आजोबा, तुम्ही जानकीबाईंना पाहिलंयत. त्या खिळे का भाजायच्या?"

"म्हातारपणी भ्रम झाला होता तिला. मी दहा वर्षांचा होतो, मला काय ठाऊक."

"म्हातारपणी चिमटा घेऊन बसायच्या, तर कोणत्या रंगावर उचलायच्या?"

आजोबांचं बोट आपसूक अठराव्या खिळ्याकडे गेलं आणि मध्येच थांबलं.

"फार शिकलं की हे असं होतं," काका म्हणाले. "बाहेरच्या माणसासमोर घराण्याचं नाव घालवतेस?"

"नाव घराण्याचंच आहे, काका. फक्त बाईचं आहे." तिने मला मुठीत घेतलं. तिच्या हाताला वाळूचे चटके बसले होते, तिथे मी टेकलो. "मी हा रंग घासणार नाही. या घरात कोणालाही घासू देणार नाही. उरलेलं सोनं उतरवणार आहे. सोनेरी चापच हवा असेल तर दुसरा आणा, मी त्याला मुलामा देते."

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा आपल्या अडलेल्या बोटाकडे पाहत होते. राजवीरने विचारलं, ये जानकीबाई कौन थीं? गुंजनने अठरावा खिळा उचलून त्याच्या हातात ठेवला.