बिनपायरीचा दरवाजा

खरं तर मी बोलायचं नाही. "घरातली गोष्ट घराबाहेर जाता कामा नये," असं आमची घरधनीण सेलिना नेहमी बजावते, आणि ते काम आहेच मुळी माझं. पण आज राहवत नाही. मी पार्डींच्या घराचा समोरचा दरवाजा बोलतोय.

मला पायरी नाही. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, समुद्राकडे तोंड करून मी उभा आहे. परका माणूस बघतो आणि हसतो. हसू दे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, आमच्या गल कोव्हमध्ये, अशीच घरं आहेत. मोटारीचा रस्ता अलीकडे आला, तोही घरांच्या पाठीमागून. त्याआधी आमचा रस्ता म्हणजे समुद्र. मग घरांनी तोंड कुणाकडे करायचं?

मला घडवलं हे घर बांधणाऱ्या हेझकाया पार्डीने. त्याचं गलबत खडकावर फुटलं, पण ज्या फळ्यांना धरून माणसं तरंगली, त्या त्याने बर्फावरून कुत्र्यांच्या गाडीने ओढून आणल्या. "यांनी आम्हाला सोडलं नाही, आता आम्ही यांना सोडणार नाही," असं म्हणत त्याने रंधा चालवला. अजूनही वादळ आलं की मी थोडा कुरकुरतो. जुनी सवय!

रोजची ये-जा मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने चालते. मी उघडतो तो फक्त पाद्रीसाठी, नवरीसाठी आणि प्रेतासाठी. तेव्हा खाली फळ्या टाकून उतरण करतात. शेवटचा उघडलो तो सेलिनाच्या वडिलांना न्यायला. मग घरात दोघंच उरली, सेलिना आणि तिचा धाकटा भाऊ ॲम्ब्रोझ.

गेल्या उन्हाळ्यात शहरातून एक तरुण अधिकारी आला. किनाऱ्यावरच्या गावांतली कोणती जुनी घरं राखायची आणि कोणती रिकामी घरं पाडायची, हे त्याला ठरवायचं होतं. शहरात वारसा म्हणजे किल्ला, नाहीतर गव्हर्नरचा बंगला. कोळ्यांची घरं कोण बघतो? हा निदान आला. माशांची पेटी उपडी घालून वर चढला आणि त्याने माझ्यावर थाप मारली.

इथेच घोटाळा झाला. आमच्याकडे कुणी दार वाजवत नाही. शेजारी थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि आधी किटलीत डोकावतो.

"ताई, समोर कुणीतरी ठोठावतंय गं," ॲम्ब्रोझ म्हणाला.

"ठोठावतंय ना? मग आपल्यातलं नाही. साबण विकणारा असेल. तू गप पाव खा, काकवी सांडतोयस सगळी."

अधिकाऱ्याने वाट बघितली आणि माझ्यावर कागद डकवला. 'निर्जन घर. सोमवारी पाडण्यात येईल.'

माझ्या या बाजूला हल्ली कुणीच येत नाही. आत दोघं निवांत चहा पीत होती आणि माझ्या छातीवर त्यांच्या घराचं मरण फडफडत होतं. मी सांगणार तरी कसं?

कागद दिसला तो इलायला. हा एकटाच राहणारा कोळी. दर आठवड्याला कॉड मासा घेऊन स्वयंपाकघरात येतो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ बसतो. होडीतून उतरून तो धावतच आत शिरला.

"सेलिना, तू गेलीस म्हणे! निदान कळवायचं तरी. अंत्यविधीसाठी काळा कोट धुऊन ठेवला असता."

"जीभ झडो तुझी! काय बरळतोस?"

त्याने कागदावर काय लिहिलंय ते सगळं सांगितलं.

"पण तुला कसा रे दिसला?" ॲम्ब्रोझने विचारलं. "तुझी होडी तर पार पलीकडून जाते."

इलाय टोपीशी चाळा करू लागला. "येता-जाता या घराकडे बघायची सवय आहे मला."

सेलिनाने लखलखीत किटली उगाचच घासायला घेतली.

कचेरीत फोन केला, तर शनिवार-रविवारची सुट्टी, ती सोमवारीच उघडणार होती. आणि सोमवारी सकाळी पाडायचं यंत्र दारात आलंच. अधिकारी समोर आला आणि त्याने पुन्हा थाप मारली.

"मागून जाऊन सांगतो त्याला," ॲम्ब्रोझ म्हणाला.

"नाही. ज्या दाराला तो मेलेलं समजतोय, त्याच दारातून बोलणार मी. ओढ!"

खाऱ्या हवेने मी फुगलो होतो. पण फुटत्या गलबतात जो दम धरला होता, तोच पुन्हा धरला. रंगाचे पापुद्रे उडाले, बिजागऱ्या किंचाळल्या आणि मी उघडलो. पिठाने माखलेल्या हातांनी सेलिना उंबऱ्यावर उभी राहिली.

"अहो बाई... इथे माणसं राहतात?" अधिकारी गडबडला.

"राहतात. चहाही तयार आहे. पण मागून ये रे बाळा. इथून नवरी जाते, नाहीतर प्रेत. तू दोन्ही दिसत नाहीस."

यंत्रवालासुद्धा खो खो हसला. अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने कागद फाडला, मागून येऊन चहा घेतला आणि हेझकायाच्या रंध्याच्या खुणांवरून बराच वेळ बोटं फिरवली. आज माझ्यावर पितळी पाटी आहे, 'गलबताच्या लाकडाचा दरवाजा, जतन केलेला.' पण मला खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्यानंतर तो प्रत्येक गावात मागच्या दाराने शिरला. निर्जन ठरलेली कितीतरी घरं माणसांनी आणि चहाच्या वाफेने भरलेली निघाली.

आणि आज सकाळपासून कुणीतरी माझ्या बिजागऱ्यांना तेल घालतंय. खाली फळ्या टाकल्यात. घरात सगळे धडधाकट आहेत, पाद्री तर मघाशीच मागून येऊन केक खातोय. बाहेर इलाय उभा आहे, धुतलेला काळा कोट घालून.

"ॲम्ब्रोझ, ओढ ना रे! सगळे खोळंबलेत!" नवरीची झिरझिरीत ओढणी सावरत सेलिना म्हणाली.

आलो, आलो! तर मंडळी, सांगायचं एवढंच, की आमची ही जुनी गावं बघायला जरूर या, फक्त दार वाजवू नका, सरळ मागून... अरे, उघडलोच मी!