झिपरी सुटली!

मित्रांनो, मी झिपरी. जातीची मेंढरांची कुत्री. आता माझं तोंड पांढरं झालं आहे, थंडीत मागचा एक पाय आखडतो, तरी एका जागी बसणं मला अजून जमत नाही. बसलं की पोटात काहीतरी वळवळतं आणि उठावंच लागतं. ही माझी खोड आहे, असं बरीच वर्षं सगळे म्हणत होते. त्या खोडीचीच ही हकिकत.

माझा जन्म आंबेगाव तालुक्यात, पेठच्या पुढच्या एका मोकळ्या रानात झाला. शेतकऱ्यानं खतासाठी आमची मेंढरं रानात बसवली होती. माझे डोळे नीट उघडायच्या आत तळ, म्हणजे आमचा मुक्काम, हलला, आणि पहिला प्रवास मी घोड्याच्या पाठीवर केला. शेजारी दोन कोकरं आणि पाय बांधलेली एक कोंबडी. खाली रस्ता हलत होता. जग हे असंच हलत असतं, अशी तेव्हा माझी समजूत झाली.

त्या घोड्याच्या पुढं एक बाई चालायची. उंच, काळीसावळी, डोक्यावर पाटी, काखेत काठी. म्हाळसाबाई तिचं नाव. ती बसलेली मी क्वचितच पाहिली. भाकरी थापायची ती उकिडवी, आणि जेवायची ती अर्धं लक्ष मेंढरांकडं ठेवून. मी सारखी तिच्या पायांत घुटमळायची. "पायात येऊ नगं गं, झिपरे, पाडशील," असं म्हणत ती मला काठीनं हळूच बाजूला सारायची.

मग तिचे मालक, सयाजी, आजारी पडले आणि गेले. मेंढरं विकली. काही त्यांच्या धाकट्या भावानं, सोमाजीनं, आपल्या कळपात घेतली. म्हाळसाबाईचा मुलगा भैरवनाथ तेव्हा गाडी चालवायला शिकला होता. त्याला मेंढरांच्या मागं जायचंच नव्हतं. पिंपरी पेंढारच्या शिवारात कालव्याच्या पाण्याखाली त्यांनी थोडी जमीन घेतली, स्लॅबचं घर बांधलं. भैरू टेम्पो घेऊन पहाटेच नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो पोचवायचा. म्हाळसाबाई घरात राहायला आली आणि तिच्या पायांत घुटमळत मीही आले.

सुखाचे दिवस आले, असं सगळे म्हणत. भैरूची बायको लंका स्वभावानं चांगली. सासूला ती काडी उचलू द्यायची नाही. "आत्या, जलमभर चाललाय तुमी. आता बसा," म्हणायची. म्हाळसाबाईला ओसरीवरच्या खाटेवर बसवलं गेलं आणि मला दारातल्या शेवग्याला बांधलं गेलं. समोरासमोर आम्ही दोघी. ती दिवसभर खाटेवर कूस बदलायची, मी दोरीला हिसके द्यायची. घरात टीव्हीवर हिंदी माणसं भांडत असायची. रस्त्यानं एखादा कळप गेला की आम्ही दोघीही एकदम माना वर करायचो.

वर्षभरातच तिच्या अंगाचा वास बदलला. माणसांना हे कळत नाही, आम्हाला कळतं. घामाला एक गोडसर आंबूस वास यायला लागला. पावलं सुजली. मधेच छातीवर हात ठेवून ती म्हणायची, "घाबरं व्हतंय." रात्री तिला झोप नसायची. भैरूनं तिला आळेफाट्याच्या डॉक्टरकडं नेलं. परत आल्यावर ती लंकाला सांगत होती आणि मी ऐकत होते.

"साखर हाय म्हनं. आन बीपी. गोळ्या दिल्यात. आन म्हनला, रोज चाला आजी. मी म्हनलं, कुठं? तर म्हनला, कुठंबी. कुठंबी म्हंजी कुठं? मेंढरं न्हाईत, पानी आनायचं न्हाई, बाजार न्हाई. बाईमानसानं रिकाम्या हातानं रस्त्यानं हिंडायचं? लोक काय म्हनतील? म्हातारीला येड लागलं म्हनतील."

लंका हसली. म्हणाली, "तर काय! शहरातली लोकं चालत्यात तसलं बूट घालून."

खाटेखाली म्हाळसाबाईची पावलं हलत होती.

आता पुढचं नीट ऐका, मित्रांनो. एका सकाळी टेम्पो गेला, लंका म्हशीकडं गेली. म्हाळसाबाई भाकरीचा तुकडा घेऊन माझ्याजवळ आली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग खाली वाकून माझ्या दोरीची गाठ सोडली. कोकरं बांधून-सोडून तयार झालेली बोटं ती! एका झटक्यात गाठ सुटली. माझ्या कानाशी ती म्हणाली, "जा." मी सुटले. आणि मागून तिचा आवाज आला, चांगला खणखणीत, "अगं बया! झिपरी सुटली गं! लंके, मी आनते तिला!"

काठी घेऊन ती माझ्या मागं निघाली.

पहिल्या दिवशी मी वेड्यासारखी पळाले. वळणावर जाऊन मागं पाहिलं तर ती एका दगडावर बसली होती, तोंडानं श्वास घेत. मी परत आले. तिनं माझ्या मानेत बोटं घातली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी कमी पळाले. पुढं पुढं मला ते अंगवळणीच पडलं: वळणापर्यंत जायचं, थांबायचं, मागं बघायचं, ती जवळ आली की पुढचं वळण धरायचं. मेंढरांना पुढं नेण्याची आमची जुनीच रीत ती. फक्त मेंढरू एकच होतं.

वाटेत माणसं विचारायची, "कुठं निघाल्या म्हाळसाबाई?"

"काय सांगू राव, कुत्री सुटली."

एवढं उत्तर पुरायचं. कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट लोक मला शिव्या घालायचे आणि तिची कीव करायचे. ओढ्यापर्यंत जाणारी म्हाळसाबाई कालव्यापर्यंत जायला लागली, मग कालव्याच्या भरावावरून पलीकडच्या माळापर्यंत. कालव्यावर धुणं धुणारी साळुबाई तिची मैत्रीण झाली. दोघी बोलत बसायच्या आणि मी पाण्यात तोंड घालून यायची. माळावर कोणी नसलं की ती माझ्याशी बोलायची. सयाजींबद्दल, मेंढरांमागं फिरताना वाटेत मेलेल्या एका लेकीबद्दल. घरी हे ती कोणाशी बोलली नव्हती. मला त्यातलं सगळंच समजत नव्हतं, पण मी ऐकत होते, आणि तेवढं तिला चालत होतं.

तिच्या घामाचा तो वास हळूहळू गेला. सूज उतरली. रात्री ती घोरायला लागली, तेव्हा शेवग्याखाली मलाही झोप आली. पुढच्या खेपेला डॉक्टरनं विचारलं म्हणे, "आजी, साखर खाली आलीय. काय करता तुम्ही?" भैरू शेजारीच बसलेला. ती म्हणाली, "काय न्हाई. आमची कुत्री लई पळती." डॉक्टर म्हणाला, "मग पळू द्या तिला."

पण घरात माझं नाव खराब झालं. भैरूनं दोरी बदलली, तरी मी सुटले. साखळी आणली, तरी मी सुटले. "ह्या कुत्रीला काय हात हायेत का काय!" तो डोक्याला हात लावायचा. म्हाळसाबाई तेव्हा दुसरीकडं बघायची.

त्याच हिवाळ्यात उसातून बिबट्या यायला लागला. आमच्या भागात तेव्हा ती भीती घरोघरी होती. शेजारच्या सावळेरामच्या अंगणातलं कुत्रं त्यानं दावणीवरून नेलं. सकाळी तिथं नुसता दोर राहिला होता. मी त्या जागी गेले आणि माझे केस ताठ झाले. घरी नात राजनंदिनी नुकती अंगणात खेळायला लागलेली. भैरू आईला म्हणाला, "आई, वाघ कुत्र्यासाठी येतो. आन ही बांधून राहत न्हाई. तू हिच्या मागं उसाकडंनं फिरती. उद्या तुझं न्हाईतर पोरीचं काय झालं तर? सोमाजीनानाचा तळ मढला पडलाय. तिकडं सोडून येतो हिला. मेंढरात राहील, तिलाबी बरं."

त्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मी म्हाळसाबाईकडं पाहिलं. ती बोलणार असं वाटलं. तोंड उघडलंही तिनं. मग पदर तोंडाला लावून ती आत गेली. टेम्पोत मागं, रिकाम्या क्रेटांच्या मध्ये मला बांधलं. गाडी गेली ओतूरवरून, मढकडं. सगळी वाट मी मागं तोंड करून उभी होते.

सोमाजीचा तळ ओळखीचा होता. घोडी, घोंगड्या, मेंढरांचा तो जुना वास. घाटाखाली कोकणात उतरायच्या आधी ते तिथं थांबले होते. मला आनंद व्हायला हवा होता. तुम्हाला वाटेल, हिला काम मिळालं, मोकळं रान मिळालं, आणखी काय हवं? पण मी मेंढरांच्या पुढं पळायची, वळणावर थांबायची आणि मागं बघायची. मागून मेंढरं यायची. नुसती मेंढरंच. मी तिथंच उभी. भाकरी टाकली तर हुंगायची आणि सोडून द्यायची. बसवत नव्हतं, पळवत नव्हतं. सोमाजी आपल्या बायकोला म्हणायचा, "ह्या कुत्रीचं कायतरी हरवलंय."

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. म्हाळसाबाई पुन्हा खाटेवर. जेवण तुटलं, पाय सुजले, एकदा मोरीत चक्कर येऊन पडली. लंका घाबरली. आई आपल्या माणसांत गेली तर तिला बरं वाटेल, असं तिनंच भैरूला सुचवलं, आणि तळ खाली उतरायच्या आत भेट व्हावी म्हणून एका दुपारी टेम्पो मढला आला.

टेम्पोचा आवाज मी लांबूनच ओळखला. दोरीसकट उभी राहिले. ती उतरली, दाराला धरून. इतकी जड झाली होती! ती आली, माझ्याजवळ खाली बसली आणि माझ्या मानेत बोटं घातली.

सोमाजीनं पाणी आणलं. म्हणाला, "वैनी, ही तुमची कुत्री काय कामाची न्हाई बघा. पुढं जाती आन मागं बघत उभी राहती. तळावर आली की बांधून ठेवतो, पळून जाईल म्हनून."

भैरू म्हणाला, "नाना, साखळीनं बांधा. दोरी सोडती ती."

"ही? छ्या! सुतळीनं बांधली तरी जागची हलली न्हाई. आरं, कुत्र्याला गाठ सोडता येती व्हय?"

"आमच्याकडं तर साखळीबी सोडायची."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हाळसाबाईकडं बघितलं. तिची बोटं अजून माझ्या मानेतच होती.

"ती न्हवती सोडत," ती म्हणाली. "मी सोडत व्हते."

एक कोकरू मधेच ओरडलं.

"तू?" भैरू म्हणाला. "का?"

"मला चालायचं असतं, भैरू. बसून बसून जीव घुसमटतो माझा. तुमी समदी चांगली हाय. खायाला देता, बसाया देता. पर मला बसवत न्हाई रं. आन बाईमानसानं काय सांगून घराभाईर पडायचं? कुत्री सुटली म्हनलं की कुनी इचारत न्हाई."

"आई, मंग सांगायचं व्हतं मला."

"काय सांगायचं? म्हातारीला हिंडायचंय म्हनून?"

भैरू उठला. टेम्पोपर्यंत गेला, टायरला लाथ मारून बघितली, परत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचा होता. "साखळ्या आनल्या मी. शिव्या दिल्या ह्या मुक्या जनावराला. आन तू बघत बसलीस!"

"बसले खरी," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

सोमाजी हसत सुटला. इतका हसला की त्याला ठसका लागला. मग भैरूही हसला. त्यानं खाली बसून माझी गाठ सोडली, आईकडं बघत, सावकाश.

घरी परत जाताना मी क्रेटांत नव्हते. पुढं, तिच्या पायांशी होते.

भैरूनं मागच्या पडवीला जाळी मारून दार बसवलं. दिवस मावळला की मी आत. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावरच बाहेर, तेही उसाच्या वाटेनं नाही, डांबरी रस्त्यानं. लंकाला सुरुवातीला लाज वाटली. लोक विचारतील ना! लोकांनी विचारलंच. म्हाळसाबाई पहिल्या दिवशी अडखळली, मान खाली घालून म्हणाली, "चालायला." दुसऱ्या दिवशी मान वर होती. थोड्याच दिवसांत साळुबाई म्हणाली, "थांबा, मीबी येते." मग आणखी एक-दोघी आल्या. आता त्यातली एकही कुत्र्याचं निमित्त सांगत नाही.

मित्रांनो, कुत्रं पाळलं की माणसाची तब्येत सुधारते, असं म्हणतात. मी औषध नाही. नुसतं कुत्रं दारात बांधून ठेवलं तर ना कुत्र्याचं भलं होतं, ना माणसाचं. आमची भाकरी, आमचं पाणी, रात्रीचा सुरक्षित आडोसा एवढं द्या, आणि रोज आमच्याबरोबर घराबाहेर पडा. आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरी कोणी दिवसभर खाटेवर बसून असेल, तर त्यांना "आता बसा" म्हणू नका. त्यांना कुठं जायचंय ते विचारा. उत्तर मिळायला वेळ लागेल. त्यांना कोणी ते विचारलेलंच नसतं.

आता पुरे. पोटात वळवळायला लागलं आहे. आता शाळेत जाणाऱ्या राजनंदिनीनं बापाबरोबर बाजारात जाऊन आजीला कॅनव्हासचे पांढरे बूट आणून दिले आहेत, आणि म्हाळसाबाई ओसरीवर बसून त्यांच्या नाड्यांशी भांडते आहे. तिचं झालं की आम्हाला निघायचं आहे.