विहीणबाईंच्या मापाची बाबागाडी

जिच्यासाठी गाडी घ्यायची ती स्वारी अजून आईच्या पोटातच होती, पण गाडी निवडायला चार मोठी माणसं दुकानात जमली होती, आणि त्यातल्या दोघी एकमेकींशी धड बोलतही नव्हत्या. या दोघी म्हणजे होणाऱ्या बाळाच्या आज्या. एक सुनेची आई. उंच, शिडशिडीत, हळू आवाजात बोलणारी, आणि हळू बोलते म्हणून सगळ्यांनी शहाणी ठरवलेली. या विहीणबाई. दुसऱ्या म्हणजे मुलाच्या आई. त्यांना घरीदारी सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापणाऱ्या मास्तर म्हणून कटिंगच्या टेबलामागे त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

मास्तरीणबाई ठेंगण्या होत्या. हे त्यांच्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती. कारखान्यात मालकानं त्यांच्या टेबलाचे पाय खास कापून घेतले होते, तेही मालकाला माया आली म्हणून नव्हे, तर बाईंनी आठवडाभर त्याचं डोकं खाल्लं म्हणून. जगात काही मिळवायचं तर ते असंच मिळवायचं असतं, अशी त्यांची खात्री होती. नवरा होता तोवर तो घरातले आवाज खाली आणायचं काम करत असे. तो गेला, आणि आवाज तसाच राहिला.

आता ते टेबलही त्यांनी सोडलं होतं. सून बाळंतपणानंतर थोड्या महिन्यांनी कामावर परत जाणार, तेव्हा बाळ दिवसभर आपल्याकडे राहणार हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. जेवताना एकदा त्या म्हणाल्या, मी नोकरी सोडते. मुलगा म्हणाला, बघू. मास्तरीणबाईंच्या हिशेबी 'बघू' म्हणजे हो. लगेच राजीनामा दिला, टेबलावर नवी बाई आली, तिला धारेवर धरत धरत शिकवूनही झालं. त्यांचा तळमजल्यावरचा फ्लॅट दोन खोल्यांचा. आतली खोली त्यांनी रंगवून घेतली, खिडकीला जाळी बसवून घेतली, आणि जाळी बसवणाऱ्याशी दोनदा भांडल्या. पुढच्या आयुष्यात भरायला त्यांच्याजवळ हे बाळ होतं आणि दुसरं काहीही नव्हतं. म्हणूनच बाबागाडी त्यांना आपल्या हातात बसेल अशी हवी होती. दिवसभर ढकलणार कोण? त्याच.

दुकानात पाऊल टाकलं तर विहीणबाई आधीच येऊन खुर्चीवर बसलेल्या. तिथेच मास्तरीणबाईंचं डोकं तापलं. यांचं इथे काय काम? गाडी ढकलायची एकीनं आणि पसंत करायची दुसरीनं? पण विहीणबाई उठून पुढे आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही फार समजूतदारपणे घेतलंत हो. मला वाटलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल."

मास्तरीणबाईंना वाटलं, हे गाडीच्या रंगाबद्दल चाललंय. मागच्याच आठवड्यात फोनवर रंगावरून वाजलं होतं आणि शेवटी, जा काळी घ्या नाहीतर निळी घ्या, म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला होता. त्यांनी हात सोडवून घेतला. समजूत आम्हाला पहिल्यापासून आहे, कोणाला दिसत नाही एवढंच, असं म्हणून त्या पुढे झाल्या. मुलानं आणि सुनेनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं, आणि ते मास्तरीणबाईंना आवडलं नाही.

विक्रेता टक्कल पडलेला, पन्नाशीचा गृहस्थ होता. दुकानभर तान्ही मुलं झोपलीत अशा बेतानं तो बोलत होता. दुकानात गाड्या चालवून बघण्यासाठी एक उतार, दोन-तीन खोट्या पायऱ्या आणि गोट्यांचा एक खडबडीत पट्टा केला होता. शिवाय वाळू भरलेली एक जाडजूड कापडी बाहुली होती, वजनाला खऱ्या बाळाएवढी. ती गाडीत बसवायची, पट्टे लावायचे आणि चालवून बघायचं.

पहिली गाडी तीन चाकांची निघाली. मास्तरीणबाईंनी विचारलं, चौथं चाक काय पुढच्या महिन्यात येणार आहे? विक्रेत्यानं समजावलं, पुढे एकच चाक असलं की वळायला सोपं जातं. त्या म्हणाल्या, वळायला सोपं म्हणजे उलटायलाही सोपं. दुसऱ्या गाडीला एक बटण होतं, दाबलं की गाडी मिटायची. मास्तरीणबाईंनी न विचारता ते दाबलं आणि गाडी बाहुलीला पोटात घेऊन मिटली. ही मुलं खाणारी गाडी आहे, असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या गिऱ्हाइकांनीही वळून पाहिलं. बटणाला आधी कुलूप असतं, बाईंनी ते ओढून काढलं होतं, पण हे सांगायचं विक्रेत्याच्या जिवावर आलं. मुलगा भिंतीवरच्या दुपट्यांच्या किमती वाचत उभा राहिला. लहानपणापासून तो असाच कुठेतरी नजर लावून उभा राहत असे.

तिसरी गाडी गर्द निळी. चाकं मोठी, बैठक खोल, डोक्यावर ऐसपैस छत. सुनेला ती बघताक्षणी आवडली. मास्तरीणबाईंनी दांडा धरला तर तो त्यांच्या छातीशी आला. त्यांनी हट्टानं ढकलायला सुरुवात केली. छतापलीकडचं काही दिसेना, कोपरं वर उचलावी लागत होती, पण हार मानतील तर त्या मास्तरीणबाई कसल्या. गाडी सरळ दुधाच्या बाटल्यांच्या मांडणीवर जाऊन आदळली आणि बाटल्या खळाखळा खाली आल्या. प्लॅस्टिकच्या होत्या म्हणून निभावलं.

विहीणबाई शांतपणे पुढे आल्या. दांडा त्यांच्या बरोबर कमरेच्या वर बसला. एका हातानं त्यांनी गाडी मागे घेतली, उतार चढवला, गोट्यांवरून नेली आणि पुन्हा आणून जागेवर उभी केली. बाहुली हललीसुद्धा नाही. सून हसून म्हणाली, मम्मी, तुझ्यासाठीच बनवलीय जणू.

मास्तरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी काय विहीणबाईंना मिरवणुकीला न्यायचीय का, असं त्यांनी विचारलं. दांडा खालीवर होत नसेल तर ही गाडी फुकट दिली तरी नको. विक्रेता घाईघाईनं म्हणाला की खालीवर होणाऱ्या दांड्याची आहे ना, हिरवी, आतल्या बाजूला ठेवलीय, पण ती रुंदीला जास्त आहे. घरच्या लिफ्टचं दार किती रुंद आहे तेवढं सांगा.

"लिफ्ट नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तळमजला आहे."

"पंचाहत्तर सेंटीमीटर," त्याच वेळी सून म्हणाली. "मी परवाच मोजून आले."

विक्रेता गोंधळला. गाडी नक्की कुठल्या घरी राहणार, असं त्यानं विचारलं. मुलाच्या आणि सुनेच्या घरी लिफ्ट नव्हती, ते दोघे पहिल्या मजल्यावर जिन्यानं चढत. लिफ्ट होती ती एकाच घरी. सहाव्या मजल्यावर, विहीणबाईंकडे.

"मम्मीकडे राहील," सून साधेपणानं म्हणाली. "बाळ दिवसभर तिथेच असणार ना."

मास्तरीणबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. हळूच तो म्हणाला, "आई, मावशीनं तुला सांगितलं ना?"

या घरात एक रीत होती. मास्तरीणबाईंना वाईट बातमी कोणी तोंडावर सांगत नसे. मुलाच्या लहानपणी कप फुटला, गणितात दांडी गुल झाली, सहलीची वर्गणी हरवली, तर ते बापाला सांगायचं आणि बापानं वेळ बघून आईला सांगायचं. बाप गेल्यावर ते काम मावशीकडे आलं. मावशी मास्तरीणबाईंची धाकटी बहीण, आयुष्यभर ताईचा शब्द झेलत आलेली. मुलानं तिला महिन्यापूर्वी गळ घातली, मावशी, एवढं तूच सांग. मावशीनं फोन केला होता. मास्तरीणबाईंना तो आठवला. मावशी अर्धा तास गुडघेदुखीबद्दल बोलली, गळणाऱ्या नळाबद्दल बोलली, दोनदा विचारलं की ताई तू बरी आहेस ना, आणि फोन ठेवला. मग भाच्याला सांगितलं असणार, सांगून टाकलं बाबा, काही बोलली नाही. आणि या तिघांनी महिनाभर मानलं होतं की आईनं ते मुकाट्यानं पचवलं.

मास्तरीणबाई विहीणबाईंवर उलटल्या. बरा डाव साधलात म्हणाल्या. गोड बोलायचं आणि पाठीमागून घर फोडायचं, तुमचं हे पहिल्या दिवसापासून ओळखून आहे मी. माझी नोकरी गेली, टेबल गेलं, आणि तुम्ही इथे माझा हात धरून मला समजूतदार म्हणताय. कातडी तरी किती जाड असावी माणसाची. आवाज चढत गेला. दारापाशी उभं असलेलं एक जोडपं तसंच मागे फिरलं.

विहीणबाई लाल झाल्या, पण त्यांचा आवाज चढला नाही. "मी मागितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझी पाठ दुखते, मला झेपेल का हेही मला ठाऊक नाही. त्यांनी येऊन विचारलं मला."

विचारलं. हा शब्द मास्तरीणबाईंना झोंबला. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मग सगळी तोफ सुनेकडे वळली. हिनंच कान भरले. आल्यापासून माहेराकडेच ओढा. मुलगा माझा, पण बोलतो हिच्या तोंडानं.

"नाही आई," मुलगा म्हणाला.

तो मध्ये कधी बोलत नसे. त्यामुळे मास्तरीणबाईही थांबल्या.

"ती तर तुझ्याकडेच ठेवू म्हणत होती. आईंनी खोली रंगवलीय, नोकरी सोडलीय, असं तीच मला सांगत होती. मी नको म्हणालो. मी ठरवलं."

"का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मुलगा निळ्या गाडीच्या छताची घडी उघडत आणि मिटत राहिला. विक्रेता बाटल्या गोळा करण्याच्या निमित्तानं खाली वाकला होता, तो तिथेच वाकून राहिला.

"मी तुझ्याकडे वाढलोय ना," मुलगा म्हणाला.

मग मास्तरीणबाईंनी सगळं काढलं. एक दिवस तुला उपाशी झोपवलं नाही. तापात रात्र रात्र बसले. कारखान्यात जादा पाळ्या केल्या, उभं राहून राहून पायांच्या शिरा सुजल्या, कोणासाठी? आणि कधी बोट तरी लावलं का तुला? सांग इथे, सगळ्यांसमोर सांग, कधी एक चापट तरी मारली?

"नाही मारलीस," तो म्हणाला. "कधीच नाही. पण जुन्या घरी, वरच्या मजल्यावर राहायचो तेव्हा, शाळेतून आलो की मी आधी दाराबाहेर उभा राहायचो. आत तू कुठल्या आवाजात बोलतेयस ते ऐकायचो. मग ठरवायचो, आत जायचं की खाली पायऱ्यांवर जाऊन बसायचं. थंडीतसुद्धा खाली बसायचो, आई. बाबा यायचे तेव्हा त्यांच्याबरोबर वर यायचो. तुला वाटायचं मी खेळतोय."

मास्तरीणबाईंना खरंच तसंच वाटलं होतं. इतकं खेळतो म्हणून त्या त्यावरूनही त्याला बोलल्या होत्या. आणि लगेच, नेहमीसारखा, संताप वर आला. आयुष्यभराचे कष्ट एका बाजूला, आणि हा विहिणीसमोर, परक्या दुकानात उभा राहून पायऱ्यांवर बसल्याचे पाढे वाचतोय. उत्तर तयार होतं. असं उत्तर की तो जन्मात विसरला नसता, त्याच्या बापावरून सुरू होऊन त्याच्या होणाऱ्या मुलापर्यंत जाणारं. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट उचललं आणि तोंड उघडलं.

मुलाची मान खांद्यांत गेली. एवढा दाराच्या चौकटीला डोकं टेकणारा माणूस, उद्या बाप होणारा, डोळे घट्ट मिटून गाडीच्या मागे सरकला आणि दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. विहीणबाईंनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. आणि सुनेनं, त्यांच्या बाजूनं भांडलेल्या त्या पोरीनं, त्यांच्याकडे पाठ केली आणि आपले दोन्ही तळहात पोटावर पसरून ठेवले, लहान मुलाचे कान झाकावेत तसे.

मास्तरीणबाई अजून एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.