शाळेचं पाणी

कमठाण्याच्या शाळेतली एक मुलगी शाळेचं पाणी पीत नाही, ही गोष्ट मुबीना आपांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळली. त्या तेव्हा चिटगुप्प्याच्या शाळेत होत्या. कमठाण्याची शाळा सांभाळणाऱ्या नेत्रावतीचा फोन आला. ती आधी इकडचं तिकडचं बोलत राहिली, मग म्हणाली, "आपा, तुम्हाला सांगावं का नको तेच कळंना झालंय. पाचवीतली विजयश्री घरून बाटली आणती. संपली तर तशीच तहानलेली बसती, पण आपल्या टाकीचं पाणी तोंडाला लावत न्हाई. दुसऱ्या लेकरांना आपली बाटली बी देत न्हाई."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून असंल. कामून म्हणून इचारलं, तर खाली मान घालून उभी ऱ्हाती."

आपांनी पुढं काही विचारलं नाही. पाणी न पिण्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असंच त्यांना वाटलं. सव्वीस वर्षांपूर्वी चिटगुप्प्यात दोन खोल्यांत अकरा मुली घेऊन त्यांनी शाळा काढली, तेव्हा पाच मुलींच्या आया घरून तांब्या पाठवायच्या. मुसलमान बाईच्या माठातलं पाणी पोरींनी पिऊ नये म्हणून. आपा एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. रोज सकाळी माठ घासून, भरून, दारापाशी ठेवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. दुसऱ्या वर्षी एक मुलगी खेळता खेळता घामाघूम होऊन आली आणि माठातलं पाणी घटाघटा प्यायली. ती मुलगी म्हणजे ही नेत्रावती. आठ दिवसांनी तिची आजी दारात आली आणि म्हणाली, "मलाबी घोटभर दे गं."

आता चार शाळा झाल्या होत्या, नऊशेच्या वर मुलं होती. प्रत्येक शाळेत सकाळचा पहिला अर्धा तास 'मनाचा तास' असायचा. मुलं गोल करून बसायची. ज्याला वाटेल त्यानं उठून आपण काय चुकलो, कुणाशी कसं वागलो, ते सांगायचं. नियम एकच होता. खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही. हा तास बघायला कलबुर्गीहून शिक्षक यायचे आणि वहीत लिहून घेऊन जायचे. आपांना त्याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत.

सोमवारी त्या कमठाण्याला गेल्या.

शाळा गावाबाहेर होती. जागा गावातल्या गुरुशांतप्पांनी दिलेली, दोन एकर; गाव त्यांना अप्पा म्हणायचं. बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांतला माल आणायला-न्यायला त्यांच्या गाड्या होत्या. जमिनीच्या बदल्यात त्यांनी फक्त फाटकावर वडिलांचं नाव मागितलं होतं. शाळेच्या मागं लाल दगडाची जुनी खाण होती. दगड काढणं बंद पडून दहा वर्षं झाली असतील. मुलांनी तिकडं जाऊ नये म्हणून आपांनीच कुंपण घालून घेतलं होतं.

गाडीतून उतरल्यावर त्यांना नळापासचं कढीपत्त्याचं झाड दिसलं. शेंड्यापासून पिवळं पडलं होतं. "याला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कीड असंल," नेत्रावती म्हणाली.

चहा आला. चहाला गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा वास होता. नेत्रावती म्हणाली की टाकीला आतून रंग दिलाय, त्याचा असेल. मग तिनं हजेरीचा पट पुढं केला. गेल्या दोन महिन्यांत गैरहजेरी वाढली होती. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, मळमळतंय. "परीक्षा जवळ आली की समद्यांची पोटं दुखायलीत," ती हसून म्हणाली. आपाही हसल्या. पंधरा दिवसांपूर्वी याच शाळेत त्यांनी खोटी कारणं सांगू नयेत यावर मुलांना अर्धा तास सांगितलं होतं, आणि मुलं गप्प बसून ऐकत होती.

मनाचा तास सुरू झाला. दोनशे दहा मुलं पटांगणात गोल बसली. आपांनी चिटगुप्प्याच्या माठाची गोष्ट सांगितली. कुणाचं नाव न घेता, कुणावर राग न धरता. मग त्या उठल्या, स्टीलचा पेला घेतला, नळाचं पाणी भरून स्वतः प्यायल्या. दुसऱ्यांदा पेला भरला आणि विजयश्रीसमोर जाऊन खाली बसल्या.

"बेटा, माझ्या हातचं पाणी पिशील?"

मुलीनं पेल्याकडं पाहिलं, मग आपांकडं. दोन घट्ट वेण्या, हनुवटीवर गोंदणासारखा तीळ. "आपा, मला तहान न्हाई."

"एकच घोट. माझ्यासाठी."

सगळी शाळा बघत होती. मुलीनं दोन्ही हातांनी पेला घेतला, डोळे मिटले आणि कडू औषध घ्यावं तसं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आपांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत आपलं काम वाया गेलं नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा विजयश्रीनं पेला खाली ठेवला. तिनं हात वर केला.

"मला खरं सांगायचंय."

"सांग बेटा."

"मी बाबांचं ऐकलं न्हाई. बाबा म्हणाले होते, शाळेचं पाणी पिऊ नको. पिलीस तर मरशील."

आपांना वाटलं, आता ते जुनंच ऐकू येणार. त्या मायेनं म्हणाल्या, "असं कामून म्हणाले बाबा?"

"बाबा टँकर चालवतात. कारखान्यातलं घाण पाणी मागच्या खाणीत सोडतात. ते खालून आपल्या बोअरमंदी येतं म्हणाले. कुणाला सांगू नको म्हणाले, न्हाईतर अप्पा कामावरून काढतील." ती आपांकडं बघत होती. "पण तुम्ही म्हणलाव, खरं सांगणाऱ्याला शिक्षा न्हाई."

पहिलीतली दोन-तीन मुलं हसली.

आपा उठल्या. त्यांनी नेत्रावतीला टाकीचा कॉक बंद करायला सांगितलं, मुलांना वर्गात पाठवलं आणि कुंपणाचं दार उघडून खाणीकडं चालत गेल्या. नेत्रावती मागोमाग आली. ऊन डोक्यावर येत होतं. खाणीच्या कडेला टँकरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. खाली तळाशी पाणी साचलं होतं, तपकिरी, वर तेलासारखा तवंग. लाल दगडाच्या भिंतीला त्या पाण्यानं पांढरे ओघळ पाडले होते. चहातला तो गोडसर वास इथं इतका दाट होता की नेत्रावतीनं पदर नाकाला लावला आणि ती बाजूला जाऊन ओकली.

"मी रोज पितेय आपा," ती म्हणाली. "लेकरं रोज पितायत."

विजयश्रीच्या बापाला, श्रीमंतला, बोलावणं धाडलं. तो मोटरसायकलवर आला. उंच, वाळलेला माणूस. एकेकाळी बापाची चार एकर कसायचा, आता तीन वर्षं गुरुशांतप्पांकडं होता. खोलीत आल्या आल्या त्यानं एकच विचारलं.

"पोरीनं पिलं का?"

आपांना उत्तर द्यावंच लागलं. "मी पाजलं. मला वाटलं तुम्ही माझ्या हातचं नको म्हणायलाव."

श्रीमंत भिंतीला टेकून खाली बसला. "तसं कसं म्हणीन मी. तुमच्या शाळंसाठी तर पोरीला हितं घातली."

"मग बाकीच्या लेकरांचं काय? दोनशे दहा लेकरं हायती, श्रीमंत."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "गणपतीपासून रातच्याला सोडायलोय. हर खेपेला म्हणायचो, ही शेवटची. अप्पांना एकदा बोललो, खाली शाळा हाय म्हणून. ते म्हणाले, जमीन समदं गाळून घेती."

चार वाजता गुरुशांतप्पा स्वतः आले. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, आवाज नेहमीसारखा मऊ. नेत्रावतीनं खुर्ची दिली, ते बसले. चहाला नको म्हणाले.

"आपा, उद्या मशीन लावतो. त्या टोकाला नवी बोअर मारून देतो. पोरीचं बोलणं पोरीचंच ऱ्हाऊ द्या."

"आणि खाण?"

"खाण बुजवून टाकू."

"तीन महिने लेकरं ते पाणी प्यायलीत, अप्पा. त्यांच्या आईबापांना सांगावं लागंल. डॉक्टरला दाखवावं लागंल."

गुरुशांतप्पांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर नीट केला. "सांगा की. तुम्हाला कोण अडवतंय. पण गाव कसं ऐकंल, त्याचा इचार करा. मुसलमान बाईच्या शाळेत पाणी पिऊन हिंदूंची लेकरं आजारी पडली, असंच ऐकतील. मी म्हणत न्हाई, लोक म्हणतील. आणि आज तर तुम्ही त्या पोरीला आपल्या हातानं पाजलंय म्हणं. समद्यांदेखत. ती नको म्हणत असताना."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला रस्त्यातला खड्डा दाखवावा तसं त्यांनी ते दाखवलं, नमस्कार केला आणि गेले.

सुटीची वेळ झाली. फाटकाशी आईबाप जमू लागले. नेत्रावती म्हणाली, "आपा, आज नका. आधी पाणी तपासून घेऊ. कागद हातात येऊ दे."

आपांनाही तेच वाटत होतं. कागद यायला दहा दिवस लागले असते. त्या दहा दिवसांत नवी बोअर झाली असती, खाण मातीनं भरली असती आणि मुलांचं पोट कशानं दुखत होतं ते कुणालाच कळलं नसतं. शाळा राहिली असती. चारही शाळा राहिल्या असत्या. फाटकापर्यंतची साठ पावलं चालताना त्यांना हे सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि आपण मागं फिरू अशी त्यांना प्रत्येक पावलाला भीती वाटत होती.

त्यांनी सांगितलं. पाण्याचं सांगितलं, खाणीचं सांगितलं, पोटदुखीला आपण बहाणे समजलो ते सांगितलं आणि सकाळी पेला कुणी भरला तेही सांगितलं. आधी कुणाला समजलंच नाही. मग एक बाई आपल्या मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरून बघू लागली, जणू काही तिथं लिहिलेलं असेल. मागून कुणीतरी म्हणालं, "हिनंच कायतरी कालवलं असंल." ते वाक्य गर्दीतून पुढं पुढं येऊ लागलं. दोघं-तिघं फाटक ढकलू लागले.

श्रीमंत कडेला उभा होता. मुलीचा हात त्याच्या हातात होता. "आपा खरं सांगायल्यात," तो म्हणाला. "टँकर मी चालवतो. खाणीत जाऊन बघा." तो एवढंच बोलला, आणि लोक आपांकडून त्याच्याकडं वळले.

पुढचं सगळं गुरुशांतप्पा म्हणाले होते तसं झालं, थोडं उशिरानं एवढंच. मोबाइलवर आपांचा फोटो फिरला, हातात पेला घेतलेला. तो कुठल्या तरी जुन्या स्वातंत्र्यदिनाचा होता. पोलिसांनी आधी आपांना बोलावलं, दोन दिवस बसवून ठेवलं. चिटगुप्प्याच्या शाळेतून एका आठवड्यात शाळा सोडल्याचे शंभर दाखले गेले. पाण्याचा कागद आला तेव्हा श्रीमंतला धरलं, कारण टँकर तो चालवत होता. गुरुशांतप्पांचं नाव पोलिसांच्या कागदावर यायला तीन महिने लागले. ते आत गेले आणि सहाव्या दिवशी जामिनावर बाहेर आले. कमठाण्याच्या शाळेला कुलूप लागलं.

इतर शाळांत मनाचा तास चालू राहिला. पण खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हे वाक्य आपांनी तिथून काढून टाकलं. एका नव्या शिक्षिकेनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तो शब्द देणं माझ्या हातात नव्हतं."

मार्चमध्ये त्यांनी बीदरला मुलांच्या तपासणीची सोय केली. दोनशे दहांपैकी एकशे त्रेसष्ट आली. एकोणीस मुलांच्या रक्तात दोष निघाला. बाकीच्यांबद्दल डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी ठीक आहे. आत्ता तरी म्हणजे काय, असं आपांनी विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि सहा महिन्यांनी पुन्हा आणा म्हणाले.

न आलेल्या सत्तेचाळीस मुलांच्या घरी आपा एकेक करून गेल्या. नेत्रावती बरोबर असायची. काही दारं उघडली नाहीत. काही घरांत बसा म्हणाले, पण मुलाला बाहेर आणलं नाही. यादीत शेवटचं नाव विजयश्रीचं होतं. श्रीमंत तुरुंगात गेल्यावर तिची आई, सुशीलाबाई, तिला घेऊन औरादच्या पुढं माहेरी गेली होती.

सुशीलाबाई दारात आली. आत या म्हणाली नाही. "आता काय पाहिजे तुम्हाला?"

"रक्त तपासायचंय पोरीचं. मग मी जाते."

"तिचा बाप आत बसलाय. तुमचं ऐकून ती बोलली म्हणून."

"व्हय," आपा म्हणाल्या.

विजयश्री आईच्या मागून आली. वाळली होती, डोळ्यांखाली सावळं पडलं होतं. तिनं आपांना विचारलं, "तुमचं तपासलं का, आपा?"

आपांनी तपासलं नव्हतं. जानेवारीपासून उजव्या बरगडीखाली दुखत होतं, रात्री झोप लागत नव्हती. त्यांनी ते नेत्रावतीलाही सांगितलं नव्हतं. आता नेत्रावती शेजारीच उभी होती आणि मुलगी उत्तराची वाट बघत होती.

"न्हाई बेटा."

"दुखतंय का?"

"दुखतंय," आपा म्हणाल्या. नेत्रावतीनं वळून त्यांच्याकडं पाहिलं.

सुशीलाबाई आत गेली, मुलीची चप्पल आणून उंबऱ्यापाशी ठेवली आणि स्वतःही पदर खोचून गाडीत बसली. बीदरच्या प्रयोगशाळेत बाकावर चौघी ओळीनं बसल्या. आधी विजयश्रीचं रक्त घेतलं, मग नेत्रावतीचं, मग आपांचं. सुई काढून कापूस दाबत तिथला माणूस म्हणाला, "चार दिवसांनी या."